कडधान्यांनी पोट फुगतं, म्हणून एन्झाइमची कॅप्सूल रोज घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: वय ४३. सहा महिन्यांपूर्वी मांस आणि अंडी सोडली, त्यांच्या जागी राजमा, हरभरे, मसूर, ओट्स, कोबी, ब्रोकोली आलं. तेव्हापासून दुपारी जेवलं की संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखं होतं, गॅस अडकतो, कपडे कमरेला काचतात. मैत्रिणीने १८ एन्झाइम्स असलेली कॅप्सूल सुचवली. बाटलीवर लिहिलंय की फायबर, फायटेट, लेक्टिन, फिनॉल असे वनस्पतींमधले पचायला अवघड घटक ती फोडते. ती रोज, कायमची घ्यावी का आणि जोडीला गहूही बंद करावा का, हे तुम्हाला विचारायचंय.

पोटाच्या तक्रारी असलेल्या रुग्णांसोबत आहारतज्ज्ञ म्हणून मी २२ वर्षं काम करते आहे, आणि अशा बाटल्या माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात. आधी उत्तर सांगून टाकते. त्या अठरांपैकी तुमच्या उपयोगाचं बहुधा एकच आहे, त्याचं नाव अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ. ते पुरेशा मात्रेत, पहिल्या घासाबरोबर आणि फक्त कडधान्यांच्या जेवणाला घेतलं तर फरक पडण्याची चांगली शक्यता आहे. बाकीच्यांपैकी काही एन्झाइम्स तुमचं शरीर आधीच भरपूर बनवतं, काहींना पोटात काम करायला वेळच मिळत नाही, आणि काहींचं काम तुमच्या पोटफुगीशी संबंधितच नाही. गहू मात्र आत्ता बंद करू नका. त्याचं कारण शेवटी सांगते.

एन्झाइम म्हणजे पचनशक्ती वाढवणारं टॉनिक, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात एक एन्झाइम एकाच प्रकारची गाठ, म्हणजे अन्नाच्या रेणूतला एक ठरावीक जोड, सोडवतं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, तिची गाठ लॅक्टेझ सोडवतं. तेच लॅक्टेझ राजम्यातल्या साखरेला हातही लावू शकत नाही. म्हणून बाटली उघडण्याआधी विचारायचा प्रश्न हा, की मला त्रास देणारी गाठ कोणती आणि ती सोडवणारं एन्झाइम यात पुरेसं आहे का. अठरा हा आकडा मोठा दिसतो, पण सतरा किल्ल्या भलत्याच कुलपांच्या असतील तर दार उघडत नाही.

आता राजमा आणि हरभऱ्यांची गाठ पाहू. कडधान्यांच्या बियांमध्ये रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बास्कोज नावाच्या साखरी असतात. नेहमीच्या साखरेच्या रेणूला गॅलॅक्टोज या साध्या साखरेचा एक मणी जोडला की रॅफिनोज, दोन जोडले की स्टॅकिओज, तीन जोडले की व्हर्बास्कोज. बी सुकताना तिच्या पेशी टिकून राहाव्यात आणि पुढे अंकुर फुटताना हाताशी खाऊ असावा, यासाठी झाडाने केलेली ही सोय आहे. हे मणी ज्या जोडाने बांधलेले असतात तो तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ माणसाच्या लहान आतड्यात नसतं, कुणाच्याच नसतं. त्यामुळे या साखरी न पचता मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. तुमचं पोट बिघडलेलं नाही. ते सहा महिन्यांपूर्वीपेक्षा कितीतरी पट जास्त कच्चा माल हाताळतं आहे, एवढंच.

बाजारात मिळणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायगर या बुरशीपासून काढलेलं असतं. ते सौम्य आम्लात उत्तम चालतं, आणि याच गुणामुळे ते जठरात कामाला येतं. रिकाम्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, पण जेवण आत गेलं की अन्नामुळे त्याची तीव्रता काही काळ उतरते. एन्झाइमला काम करायला मिळतो तो हाच काळ. त्या वेळी ते अन्नात मिसळलेलं असलं पाहिजे.

या एका एन्झाइमबद्दल बरे पुरावे आहेत, जरी अभ्यास लहान असले तरी. इटलीत २००७ मध्ये ८ निरोगी लोकांना ४२० ग्रॅम शिजवलेले बीन्स खायला देऊन त्यांच्या श्वासातला हायड्रोजन मोजला होता. १२०० गॅलयू (हे या एन्झाइमच्या ताकदीचं एकक) घेतल्यावर हायड्रोजन आणि वात सरण्याचा त्रास दोन्ही लक्षणीय कमी झाले. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये आयबीएसच्या (वारंवार पोटदुखी, पोटफुगी आणि शौचाच्या तक्रारी होणारा आतड्याचा विकार) रुग्णांवर केलेला अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो मात्रेबद्दल स्पष्ट बोलतो. ज्यांना कडधान्यांतल्या या साखरींचा खरोखर त्रास होत होता, त्यांना ३०० गॅलयूने आराम पडला. अर्धी मात्रा, म्हणजे १५० गॅलयू, दिली तेव्हा आराम पडला नाही. आणखी एका अभ्यासात आयबीएसच्या सरसकट रुग्णांना, ते काय खातात हे न पाहता, हेच एन्झाइम देऊन पाहिलं, तेव्हा विशेष फायदा दिसला नाही. ते साहजिक आहे. आहारात ती गाठच नसेल तर सोडवणार काय?

म्हणून लेबलावर पहिल्यांदा गॅलयूचा आकडा शोधा. अठरा एन्झाइम्स एका कॅप्सुलात बसवायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच जागा येते. कित्येकदा लेबलावर ‘एन्झाइम मिश्रण ५०० मिलिग्रॅम’ एवढंच असतं, कशाचं किती ते नसतं. अशी बाटली मी परत ठेवायला सांगते. एन्झाइमचं वजन सांगून काही कळत नाही, त्याची कामाची ताकद सांगावी लागते. अल्फा-गॅलॅक्टोसिडेझसाठी गॅलयू, फायटेझसाठी एफटीयू, प्रथिनं तोडणाऱ्यांसाठी एचयूटी, अमायलेझसाठी डीयू. मिलिग्रॅमचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यात जिवंत ताकद किती आहे हे तो सांगत नाही.

घेण्याची वेळ हा दुसरा मुद्दा, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. तीन महिने नेमाने योग्य मात्रेचं अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ घेत होत्या, फरक शून्य. कसं घेता विचारलं, तर जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने, आणि चावून खायची गोळी म्हणून गरम चहाच्या घोटाबरोबर चघळून. म्हणजे एक तर जेवण पुढे सरकायला लागल्यावर एन्झाइम आत जात होतं, आणि वर गरम चहाचा मारा. एन्झाइम म्हणजे प्रथिन, उष्णतेने त्याची घडी उसकटते आणि मग ते काही कामाचं राहत नाही. त्याच गोळ्या, तीच मात्रा, फक्त पहिल्या घासाबरोबर आणि साध्या पाण्याने घ्यायला सांगितल्या. दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा का गेला नाही, ते खाली येईल. पावडर किंवा थेंब अन्नावर टाकायचे असतील तर अन्न हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. शिजत्या भांड्यात टाकलेलं एन्झाइम वाया जातं.

आता बाटलीवरच्या सगळ्यात मोठ्या दाव्याकडे येते, तो म्हणजे फायबर पचवण्याचा. त्यासाठी मिश्रणात सेल्युलेझ, हेमिसेल्युलेझ, झायलनेझ घातलेली असतात. माणसाचं शरीर सेल्युलेझ बनवत नाही हे खरं आहे. पण गाईचाही विचार करा. तिच्या पोटात सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतलं मुख्य फायबर) फोडणाऱ्या जिवाणूंची अख्खी वसाहत आहे, ती रवंथ करते, आणि तरीही चारा रूमेनमध्ये, म्हणजे तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, एक-दोन दिवस मुरत ठेवावा लागतो. आपलं जेवण जठर आणि लहान आतड्यातून काही तासांत पुढे जातं. तेवढ्यात कॅप्सूलमधलं चिमूटभर सेल्युलेझ कोबीच्या शिरा विरघळवेल ही अपेक्षा अवास्तव आहे.

हे मी रुग्णांना सांगून थकले, तेव्हा एकदा करूनच दाखवायचं ठरवलं. ओट्सची घट्ट लापशी शिजवून कोमट केली, दोन वाट्यांत घेतली, एका वाटीत अशाच एका मिश्र कॅप्सुलची पूड ढवळली. दहा मिनिटांत ती लापशी पाण्यासारखी ओघळायला लागली, दुसरी वाटी मात्र उलटी केली तरी पडेना. समोरच्या बाईंचे डोळे चमकले. मग तिसऱ्या वाटीत त्यांना स्वतःचीच थोडी लाळ घालून ढवळायला सांगितलं. तीही पातळ झाली. लापशी पातळ केली ती अमायलेझने, आणि ते पिठूळ पदार्थ तोडणारं एन्झाइम आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात भरपूर असतं. त्याच दिवशी कोबीच्या पानाची एक जाड शीर दुसऱ्या कॅप्सुलच्या कोमट द्रावणात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जराशी लिबलिबीत झाली होती, पण होती तशी अख्खी. बोटांनी ओढली तर धागे निघाले.

समजा, सगळं फायबर फोडणारं एन्झाइम उद्या मिळालंच. तरी मी ते तुम्हाला देणार नाही. न पचलेलं फायबर मोठ्या आतड्यात जातं तेव्हा जिवाणू त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटमधून घेतात. शिळ्या अन्नाच्या कचऱ्यासारखं आपण ज्याच्याकडे पाहतो, तो आतड्याच्या भिंतीचा रोजचा शिधा आहे. तुम्ही वनस्पतिजन्य आहाराकडे वळलात ते तब्येतीसाठी, असं तुम्ही लिहिलंय. त्या फायद्याचा मोठा भाग याच न पचण्यात आहे. अल्फा-गॅलॅक्टोसिडेझबद्दलही मी म्हणूनच ‘त्रास होईल त्या जेवणापुरतं’ म्हणते. कडधान्यांच्या त्या साखरीदेखील बिफिडोबॅक्टेरियासारख्या चांगल्या जिवाणूंचा आवडता खाऊ आहेत.

शिवाय पोट सवयीने शिकतं. अमेरिकेत झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही आहार-चाचण्यांत लोकांना रोज अर्धा कप बीन्स दिले होते. पिंटो (ठिपकेदार राजमा) किंवा बेक्ड बीन्सनी पहिल्या आठवड्यात गॅस वाढल्याचं सांगणारे लोक निम्म्याहून कमी होते, चवळीच्या बाबतीत तर १९ टक्केच, आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची ती तक्रारही विरत गेली. तुम्हाला सहा महिने झाले तरी त्रास टिकून आहे. याचा अर्थ एक तर प्रमाण एकदम फार वाढलंय, किंवा कारण कडधान्यांच्या पलीकडे आहे. दिवसातून १० ते २० वेळा वात सरणं हे निरोगी माणसातही होतं, हेही इथेच सांगून ठेवते, कारण ते कुणी कुणाला सांगत नाही आणि माणसं उगाच घाबरतात.

कारण ओळखायला घड्याळ फार उपयोगी पडतं. कडधान्यांच्या साखरी मोठ्या आतड्यात पोचून आंबायला साधारण तीन ते सहा तास लागतात. तुमचं पोट दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळी फुगतं, ते या हिशेबात नीट बसतं. पण जेवता जेवता किंवा पंधरा मिनिटांत पोट तट्ट होत असेल, ढेकरांवर ढेकर येत असतील, तर ते त्या जेवणातल्या फायबरचं काम नाही. घाईघाईने गिळलेली हवा, सोडायुक्त पेयं, बद्धकोष्ठता, जठर हळू रिकामं होणं, अशी कारणं तिथे शोधावी लागतात आणि त्यावर कुठलंच एन्झाइम लागू पडत नाही. बद्धकोष्ठता तर जरूर तपासा. पुढची वाट अडलेली असेल तर मागे गॅस साठणारच, मग वरून काहीही घाला.

त्या शिक्षिकेचा उरलेला निम्मा त्रास कांदा आणि लसणाचा होता. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाच्या साखळ्या असतात, फ्रुक्टोजचे मणी ओवलेल्या. त्यांची गाठ वेगळी, अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ तिला सोडवू शकत नाही. फ्रुक्टन तोडणारी एन्झाइम्स आता काही गोळ्यांत येऊ लागली आहेत, पण त्यांचा पुरावा अजून कोवळा आहे. इथे स्वयंपाकघरातली एक साधी युक्ती चालते. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका, वास आणि चव तेलात उतरते, फ्रुक्टन पाकळीबरोबर बाहेर जातं. असं तेल करून बाहेर साठवू मात्र नका, त्यात बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा) धोका असतो. लागेल तेव्हा ताजं करा. रश्श्यात किंवा सूपमध्ये कांदा उकळून नंतर काढला तर उपयोग नाही, फ्रुक्टन तोवर पाण्यात उतरलेलं असतं.

बाटलीवर पुढे लेक्टिनचं नाव आहे. लेक्टिन ही बियांमधली प्रथिनं. राजम्यातलं फायटोहिमाग्लुटिनिन खरोखर विषारी आहे, कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. हे प्रथिन आपल्या पाचक रसांनाही सहजी दाद देत नाही, त्यामुळे कॅप्सूलच्या भरवशावर कधीही राहू नका. त्याला उकळी मारते. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा. १० मिनिटांची उकळी पुरते असं काही तज्ज्ञ म्हणतात, मी ३० मिनिटं धरायला सांगते, आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथलं तापमान उकळीपर्यंत गेलं नाही तर विषारीपणा उलट वाढल्याचं दिसलं आहे. नीट शिजलेल्या किंवा डबाबंद राजम्यात लेक्टिनची भीती बाळगायचं कारण नाही.

भिजवण्याचा फायदा लेक्टिनपुरता नाही. पोट फुगवणाऱ्या साखरी पाण्यात उतरतात, म्हणून भिजवलेलं पाणी फेकणं हाच पहिला उपचार आहे. मोड आणले तर बी स्वतःचं अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ जागं करते आणि दोन-तीन दिवसांत आपल्या साखरी आपणच खाऊन टाकते. कॅप्सूलमध्ये विकत घ्यायचं ते एन्झाइम बियांमध्ये झोपलेलं असतं, त्याला फक्त पाणी आणि वेळ हवा असतो. माझ्या कित्येक रुग्णांना एवढ्यानेच पुरलं. मोड मात्र शिजवून खा. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांमधून पसरलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या साथीत ५० हून अधिक माणसं दगावली. जिवाणूंना वाढायला लागणारी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच असते.

फायटेटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे दाव्यात तथ्य आहे पण तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही. फायटिक आम्ल म्हणजे बियांमधला फॉस्फरसचा साठा. ते लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवतं आणि आपल्याला पुरेसं मिळू देत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जास्त कोंड्याचा पाव सगळ्यांना खावा लागणार होता, तेव्हा मॅकन्स आणि विडोसन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की अशा पावाने कॅल्शियमचं शोषण घटतं, आणि तिथल्या पिठात कॅल्शियम मिसळायला सुरुवात झाली. फायटेट तोडणारं एन्झाइम म्हणजे फायटेझ. १९९० च्या दशकापासून ते डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. माणसांतही मक्याच्या लापशीत फायटेझ मिसळून दिल्यावर लोह जास्त शोषलं गेल्याचं दिसलं आहे. पण लोहाच्या बाबतीत फरक पडायला बहुतेक सगळं फायटेट जावं लागतं, थोडंफार कमी होऊन भागत नाही. आणि मुख्य म्हणजे फायटेटने पोट फुगत नाही. तुम्हाला लोहाची काळजी असेल तर फेरिटिन, म्हणजे रक्तातून कळणारा लोहाचा साठा, तपासा, जेवणात लिंबू, संत्रं, ढोबळी मिरची असं क जीवनसत्त्व असलेलं काही ठेवा, चहा-कॉफी जेवणापासून लांब ठेवा. पीठ आंबवून केलेल्या पावात गव्हाचं स्वतःचं फायटेझ त्या सौम्य आम्लात कामाला लागतं आणि बरंच फायटेट तुटतं. तिथेही काम होतं ते भिजण्याने आणि वेळाने.

फिनॉल म्हणजे वनस्पतींच्या रंग-चवीत असणारी, कड्यासारख्या रचनेची संयुगं. त्यांचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो मुलांच्या आईवडिलांना विकला जातो. मूल चिडचिडं आहे, झोपत नाही, सफरचंद-टोमॅटो खाल्ल्यावर गाल लाल होतात, म्हणून फिनॉल फोडणारी गोळी द्या, असं सांगतात. त्या गोळीत असतं झायलनेझ. झायलनेझ तोडतं ते धान्य-भाज्यांच्या पेशीभित्तिकेतलं झायलन. फेरुलिक आम्लासारखं फिनॉल त्या झायलनला चिकटलेलं असतं, त्यामुळे भिंत तुटली तर ते सुटं होईल, नाहीसं होणार नाही. फिनॉलच्या कड्याला झायलनेझ हात लावत नाही. सॅलिसिलेटला (फळा-भाज्यांतलं अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं संयुग) तर नाहीच. वनस्पतींतली बरीच पॉलिफिनॉल्स आपल्या अंगी लागतात ती साखरेचा मणी गळून पडल्यावर, आणि तो मणी काढायचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरचं लॅक्टेझ करतं, तेच दूध पचवणारं. उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू सोडवतात. यात काही अडलेलं नाही, की बाहेरून कुणी येऊन सोडवावं. मुलाचा आहार या नावाखाली आणखी आखडू नये, एवढी कळकळीची विनंती.

पालकातल्या ऑक्झलेटचंही (मूतखड्यात सापडणारा घटक) नाव काही बाटल्यांवर असतं. मूतखड्याची तक्रार असेल तर पालक उकळून पाणी टाकणं आणि त्याच जेवणात कॅल्शियमयुक्त पदार्थ खाणं हा भरवशाचा मार्ग आहे, कारण कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं.

घेऊ नये अशांबद्दल. गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्याने अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ अजिबात घेऊ नये, कारण ते गॅलॅक्टोजच सुटं करतं. मधुमेहासाठी अकार्बोज घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ते औषध पिठूळ पदार्थांचं पचन मुद्दाम लांबवतं आणि ही एन्झाइम्स त्याच्या विरुद्ध ओढतात. बुरशीची अ‍ॅलर्जी असेल तर सावध राहा, यातली बहुतेक एन्झाइम्स बुरशीतून येतात. मिश्रणात अननसाचं ब्रोमेलेन किंवा पपईचं पपेन असेल आणि तुम्ही रक्त पातळ करणारं औषध घेत असाल, तर ती बाटली नको. गरोदरपणात आणि लहान मुलांना आपल्या मनाने नको.

आणि काही लक्षणं अशी आहेत की एन्झाइमच्या नादात दोन महिनेही घालवू नयेत. शौच तेलकट, फिकट, तरंगणारं आणि वजन उतरत असेल तर स्वादुपिंडाचा प्रश्न असू शकतो. त्याची तपासणी शौचातल्या इलास्टेझची असते, आणि औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्वादुपिंडाचं एन्झाइम. दुकानातली वनस्पती-बुरशीची मिश्रणं त्याची जागा घेत नाहीत. शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, कारण नसताना घटणारं वजन यासाठी डॉक्टरांकडे जा. आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रीला नव्याने सतत पोटफुगी सुरू झाली असेल, तर अंडाशयाची तपासणी मागून घ्या. गॅस समजून माणसं महिनोन् महिने थांबतात आणि तो काळ परत मिळत नाही.

तुमच्यापुरतं मी असं करेन. पहिले दोन आठवडे कॅप्सूल नाही. कडधान्यांचं प्रमाण शिजवलेल्या अर्ध्या वाटीवर आणा, तेही दिवसातून एकदाच. भिजवून पाणी फेकलेली, नीट शिजवलेली. राजमा-हरभऱ्याऐवजी आधी सोललेली मसूर डाळ घ्या, ती सहसा हलकी पडते. काय खाल्लं आणि पोट किती वाजता फुगलं, एवढंच वहीत लिहा. तिसऱ्या आठवड्यात प्रमाण वाढवा. त्रास परतला तर फक्त अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ असलेली, किमान ३०० गॅलयूची मात्रा पहिल्या घासाबरोबर घ्या, मोठं जेवण असेल तर लेबलाच्या मर्यादेत जास्त. हेच जेवण चार वेळा गोळीसह, चार वेळा गोळीशिवाय घेऊन वहीत ताडून पाहा. फरक दिसला तर ती पिशवीत ठेवा आणि बाहेर जेवायचं असेल, कडधान्य जास्त असेल तेव्हा वापरा. नाही दिसला तर सोडून द्या आणि कांदा-लसणाकडे वळा. घरी भिजवलेल्या कडधान्यांचं प्रमाण दर आठवड्याला दोन-दोन चमचे वाढवत न्या. बहुतेकांना दोनेक महिन्यांत गोळीची गरज फारशी उरत नाही.

आता गहू. गव्हाने पोट फुगतं तेव्हा दोषी ग्लूटेनच, म्हणजे गव्हातलं प्रथिनच, असतं असं नाही. नॉर्वेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्लूटेन सोसत नाही असं मानणाऱ्या ५९ जणांना न सांगता कधी ग्लूटेनचे, कधी फ्रुक्टनचे, कधी दोन्ही नसलेले बार दिले. पोट जास्त फुगलं ते फ्रुक्टनच्या बारने. यांपैकी कुणालाच सीलिअ‍ॅक आजार (ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते तो) नव्हता, ते आधी तपासलं होतं. तुमचं ते तपासलेलं नाही. ग्लूटेन फोडणारी एन्झाइम्सही तुमच्या मिश्रणात आहेत, पण सीलिअ‍ॅक असेल तर त्यांच्या आधाराने गहू खाणं धोक्याचं आहे. उरलेला थोडासा तुकडाही आतड्याचं नुकसान करत राहतो. म्हणून आधी टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए या रक्ततपासण्या करून घ्या. ही तपासणी गहू खात असतानाच खरी उतरते. सोडून काही आठवडे झाले की या तपासणीत मोजली जाणारी प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) खाली येतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो, मग निदानासाठी पुन्हा सहा आठवडे रोज गहू खावा लागतो, आणि तोवर ज्यांना बरं वाटू लागलेलं असतं ते त्याला तयार होत नाहीत. रक्त देईपर्यंत गहू रोज एकाहून जास्त जेवणांत असू द्या.